सॉमरसेटच्या दलदलीतल्या लाकडी वाटा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, ब्रिस्टल चॅनलला लागून, सॉमरसेट परगण्याचा सखल भाग पसरलेला आहे. त्याला सॉमरसेट लेव्हल्स म्हणतात. उत्तरेला मेंडिपच्या चुनखडीच्या टेकड्या, पश्चिमेला समुद्र आणि मधोमध पोल्डन नावाची अरुंद डोंगरधार अशी त्याची रचना आहे. इथली जमीन भरतीच्या रेषेपेक्षा फारशी उंच नसल्याने जास्त पावसाच्या हिवाळ्यात आजही ती पाण्याखाली जाते. पोल्डनची धार आणि वेडमोरचा उंचवटा यांच्या मधून ब्रू नदी वाहते. तिच्या खोऱ्यात वेस्टहे, मीअर, बर्टल ही गावे आजूबाजूच्या सपाटीपेक्षा जरा उंच जागी वसलेली आहेत. नवाश्मयुगात या जागा खरोखरची बेटे होती. चहूकडे लव्हाळे, बोरू आणि उथळ पाणी होते. होडी चालावी इतके पाणी सगळीकडे नव्हते आणि चालत जावे इतकी जमीन घट्ट नव्हती. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर किंवा पोल्डनच्या पायथ्याशी जायचे, तर वाट बांधावी लागे. तिथल्या लोकांनी ती लाकडाने बांधली, आणि हजारो वर्षे पुन्हा पुन्हा बांधली.

या वाटा टिकल्या त्या पीटमुळे. समुद्र मागे हटल्यावर ब्रूच्या खोऱ्यात निळसर राखाडी चिकणमातीचा थर राहिला. त्यावर आधी लव्हाळ्याची दलदल माजली, मग ओलसर जमिनीतली झाडे आली, आणि पुढे पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या शेवाळाची उंच दलदल तयार झाली. पाण्याने भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचा तपकिरी, तंतुमय थर वर्षानुवर्षे चढत जातो. तोच पीट. त्यात बुडालेले लाकूड, बी, परागकण, कीटकांचे पंख असे काहीही सहसा नष्ट होत नाही. कोरड्या जमिनीवरच्या नवाश्मयुगीन वस्तीत दगड, भाजलेली माती आणि क्वचित हाडे उरतात. पीटमध्ये त्या लोकांचे लाकूडकाम उरले.

पीट खोदणाऱ्यांच्या वाटेत आलेली वाट

वाळवलेला पीट चांगला जळतो. सॉमरसेटमध्ये मध्ययुगापासून तो सरपण म्हणून खोदला जात असे. लांब पात्याच्या कुदळीने विटांसारखे ठोकळे कापायचे, रचून वाळवायचे आणि घरी न्यायचे किंवा विकायचे, असा हा धंदा होता. त्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबे होती. कुदळ एखाद्या फळीला किंवा खुंटाला अडली की ते लाकूड उपटून बाजूला फेकले जाई, फारच चांगले असले तर चुलीत जाई. दलदलीखाली जुने लाकूड आहे हे पीट खोदणाऱ्यांना कुणी सांगावे लागले नाही, अभ्यासकांना मात्र ते उशिरा कळले.

पहिली नोंदलेली वाट १८३० च्या दशकात उजेडात आली. बर्टल आणि वेस्टहे यांच्या दरम्यान पीट कापताना आडव्या फळ्यांची एक सलग रांग सापडली. जवळच ग्लास्टनबरीचा प्रसिद्ध मठ होता. मध्ययुगात या मठाच्या ताब्यात आसपासची बरीच जमीन होती आणि तिथल्या भिक्षूंनी दलदलीचे पाणी काढण्याची कामेही केली होती. त्यामुळे ही वाट भिक्षूंनीच बांधली असणार, असा समज झाला आणि तिला ‘ॲबट्स वे’ म्हणजे मठाधिपतीची वाट असे नाव पडले. हे नाव आजही चालते. वाट मात्र मठापेक्षा काही हजार वर्षांनी जुनी निघाली, ती इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातली आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या या वाटेत मुख्यतः आल्डर झाडाच्या चिरलेल्या फळ्या एकमेकींना चिकटून आडव्या टाकल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या परगण्यापरगण्यांत पुरातत्त्वाची हौशी मंडळे निघाली. सॉमरसेटचे पुरातत्त्व आणि निसर्ग-इतिहास मंडळ १८४९ मध्ये स्थापन झाले, ग्लास्टनबरीचे पुराणवस्तू मंडळ १८८६ मध्ये. पाद्री, डॉक्टर, वकील, अभियंते, जमीनदार हे त्यांचे सभासद. पगारी पुरातत्त्वज्ञ त्या काळी जवळजवळ नव्हतेच. मंडळांच्या वार्षिकांतून छापलेली टिपणे आणि नकाशे हीच त्या काळातल्या अनेक वाटांची एकमेव नोंद आहे, कारण नोंद झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत ती वाट कापून नेलेली असे.

आर्थर बुलीड आणि तळ्यातले गाव

या हौशी परंपरेतले सर्वांत मोठे नाव आर्थर बुलीड (१८६२–१९५१) यांचे. ते ग्लास्टनबरीचेच. स्वित्झर्लंडच्या सरोवरांकाठी सापडलेल्या प्राचीन वस्त्यांविषयी त्यांनी वाचले होते आणि आपल्या गावाजवळच्या दलदलीतही तसे काही असावे, असा त्यांचा अंदाज होता. मार्च १८९२ मध्ये गॉडनीजवळच्या एका कुरणात त्यांना जमिनीवर लहान लहान उंचवटे दिसले. चिचुंद्रीसारखा दिसणारा मोल नावाचा प्राणी तिथे बिळे करतो. त्याने उकरून वर टाकलेल्या मातीत खापराचे तुकडे, हाडे आणि कोळसा होता.

खोदकाम सुरू झाले आणि त्याखाली लोहयुगातले एक अख्खे गाव निघाले. ओंडके, फांद्या, झुडपे, दगड आणि माती यांचा थर दलदलीवर पसरून त्यावर घरांचे गोल ओटे घातले होते. नक्षीदार मडकी, चरकावर कातलेली लाकडी भांडी, विणकामाची साधने आणि घरगुती वापराच्या असंख्य वस्तू तिथे सापडल्या. डॉक्टरकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी बुलीडनी मधली काही वर्षे काम थांबवले. १९०४ पासून हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे त्यांच्या जोडीला आले. ग्रे हे टाँटनच्या संग्रहालयाचे अधिकारी होते आणि जनरल पिट-रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध उत्खननाचे धडे घेतले होते. एक गावचा डॉक्टर आणि एक शिकलेला उत्खनक अशी ही जोडी होती. १९०७ मध्ये ग्लास्टनबरीचे काम संपले आणि १९११ व १९१७ मध्ये त्याचा दोन खंडांतला अहवाल निघाला. त्यातली चित्रे, मोजमापे आणि प्रत्येक उंचवट्याचे वर्णन इतके तपशिलात आहे की नंतरच्या संशोधकांना त्यावरून गावाचा नव्याने अभ्यास करता आला. पुढे दोघांनी मीअरजवळच्या तशाच वस्तीचे उत्खनन हाती घेतले आणि ते अनेक वर्षे चालवले.

बुलीड लाकडी वाटांकडेही वळले. १९३० च्या दशकात मीअर हीथ या भागात सापडलेल्या एका वाटेचा भाग त्यांनी मोकळा करून तिची रचना टिपली. मात्र वाट किती जुनी, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. वाटेजवळ खापर किंवा धातूची वस्तू सापडली तर अंदाज बांधता येई. नुसत्या लाकडावरून काळ सांगण्याची पद्धत तेव्हा हाताशी नव्हती.

परागकण आणि कार्बन

ही अडचण सोडवायला वनस्पतिशास्त्रज्ञ आले. केंब्रिज विद्यापीठाचे हॅरी गॉडविन (१९०१–१९८५) हे पीटमधल्या परागकणांचा अभ्यास करत. फुलांचे पराग वाऱ्यावर उडून दलदलीत पडतात आणि प्रत्येक थरात त्या त्या काळच्या झाडांची खूण राहते. एका थरात एल्म आणि लिंडनचे पराग भरपूर, वरच्या थरात ते कमी आणि गवताचे जास्त, असा फरक दिसला की जंगल केव्हा विरळ झाले ते कळते. वाट कोणत्या थरात आहे हे नेमके टिपले, तर तिचा काळ इतर वाटांच्या मानाने आधीचा की नंतरचा ते सांगता येते.

गॉडविन १९३० च्या दशकापासून सॉमरसेटला येत राहिले. त्यांना वाटेचा तुकडा दाखवणारे पीट खोदणारे मजूर होते आणि मधल्या काळात नवे शोध टिपून ठेवणारे स्थानिक हौशी अभ्यासक होते. एच. एस. एल. ड्यूअर हे त्यांतले महत्त्वाचे. पीटच्या खाणींकडे त्यांचे सतत लक्ष असे. कुदळीला लाकूड लागल्याचे कळले की जागा, खोली आणि लाकडाची मांडणी ते उतरवून घेत. १९६३ मध्ये ड्यूअर आणि गॉडविन या दोघांच्या नावाने सॉमरसेटच्या दलदलीतल्या शोधांवरचा मोठा लेख प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कार्बन-१४ कालमापनाची पद्धत आली. सजीवाच्या शरीरातला किरणोत्सारी कार्बन मृत्यूनंतर ठरावीक वेगाने घटतो, तेव्हा उरलेला कार्बन मोजून लाकडाचे वय काढता येते. केंब्रिजमध्ये त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. १९६० च्या सुमारास गॉडविननी सॉमरसेटच्या वाटांचे लाकूड या कसोटीला लावले, तेव्हा चित्र बदलले. काही वाटा कांस्ययुगाच्या उत्तरार्धातल्या ठरल्या. हवा ओलसर झाली, दलदल वाढली आणि जुने मार्ग बुडाल्याने त्या बांधाव्या लागल्या, असे गॉडविनचे मत होते. काही वाटा मात्र त्याहून खूप जुन्या, नवाश्मयुगातल्या निघाल्या. इंग्लंडमध्ये शेती नवी होती त्या काळातही माणसे एकत्र येऊन असे मोठे काम करत होती, हे प्रथमच आकड्यांनी दिसले.

रे स्वीटची फळी

१९५० नंतर सरपणासाठी पीट लागेनासा झाला, पण बागकामासाठी त्याची मागणी वाढली. कुंड्यांत आणि वाफ्यांत घालायला पोत्यांनी पीट जाऊ लागला. कुदळीची जागा यंत्रांनी घेतली. हाताने कापणाऱ्याला फळी लागली की त्याला ती जाणवे. यंत्राचे पाते मात्र एका फेऱ्यात वाटेचा मोठा तुकडा चिरून टाकी, आणि चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नसे. वाटा सापडण्याचा वेग वाढला, त्याच्या कितीतरी पट त्या नाहीशा होण्याचा वाढला.

१९७० मध्ये शॅपविक हीथवर रे स्वीट नावाचा पीट कामगार चर साफ करत होता. बऱ्याच खोलवर, नेहमीच्या वाटांच्या पातळीच्या खाली, त्याच्या हत्याराला एक कठीण फळी लागली. त्याने ती फेकून दिली नाही. ज्या कंपनीत तो कामाला होता तिने फळीचा तुकडा केंब्रिजला जॉन कोल्स यांच्याकडे पाठवला. कोल्स (१९३०–२०२०) मूळचे कॅनडाचे. केंब्रिजमध्ये ते पुरातत्त्व शिकवत आणि सॉमरसेटच्या काही वाटांचे उत्खनन त्यांनी आधीच केले होते. फळी जिथे सापडली ती पातळी पाहून आपण फार जुन्या गोष्टीपाशी आलो आहोत, हे त्यांच्या लक्षात आले. वाटेला शोधणाऱ्याचे नाव मिळाले: ‘स्वीट ट्रॅक’.

उत्खनन सोपे नव्हते. पीटखालचे लाकूड दिसायला ताजे असते. त्यावरची साल, दगडी कुऱ्हाडीचा घाव, फुटलेली ढलपी सगळे स्पष्ट दिसते. पण आतून ते पाण्याने भरलेले आणि मऊ असते, बोट दाबले तरी ठसा उमटतो. त्यामुळे खड्ड्यावर आडव्या फळ्या टाकून त्यांवर पालथे पडून काम करावे लागे. लोखंडी हत्यारे बाजूला ठेवून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आणि बोटांनी पीट काढला जाई. उघडे पडलेले लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्यावर सतत पाणी शिंपडले जाई.

वाट कशी बांधली होती

स्वीट ट्रॅक पोल्डनच्या पायथ्यापासून वेस्टहेच्या बेटापर्यंत जात होता. लांबी सुमारे १,८०० मीटर. दलदलीच्या पृष्ठभागावर आधी लांब, सरळ ओंडके एकापुढे एक आडवे ठेवले जात. हे बहुतेक हेझल आणि आल्डरचे, काही सहा मीटरपर्यंत लांब. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खुंट तिरके ठोकून खालच्या मातीत रुतवले जात, असे की त्यांची वरची टोके ओंडक्यावर एकमेकांना छेद देत. या छेदामुळे जो खोबणीसारखा आधार तयार होई, त्यात चालण्याची फळी बसवत. फळी घसरू नये म्हणून तिच्या टोकाशी भोक किंवा खाच पाडून त्यातून बारीक खुंट खाली ठोकला जाई. कोकणात पावसाळ्यापूर्वी ओढ्यावर घालतात तो साकव पाहिलेल्याला ही युक्ती चटकन कळेल, फरक इतकाच की इथे साकवाची लांबी दोन किलोमीटरच्या घरात होती. फळ्या मुख्यतः ओकच्या, ४० सेंटीमीटरपर्यंत रुंद, तीन मीटरपर्यंत लांब आणि पाच सेंटीमीटरपेक्षा कमी जाड. त्यांवरून माणसाला एकामागे एक असेच चालता येई.

या फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्या. करवत तर सोडाच, धातूचे कुठलेच हत्यार त्या लोकांकडे नव्हते. दगडी कुऱ्हाडीने ओकचे झाड पाडायचे, मग बुंध्याच्या टोकाला लाकडी पाचरी ठोकून तो गाभ्यापासून सालीकडे चिरत न्यायचा, अशी ही पद्धत होती. काही झाडांचे वय पाडताना ४०० वर्षांच्या आसपास होते आणि बुंध्याचा व्यास मीटरभर. वाटेच्या एका टोकाकडे असे जुने, सरळ वाढलेले ओक वापरले होते. दुसऱ्या टोकाकडची झाडे त्या मानाने तरुण होती. दोन्ही काठांवर निराळ्या गटांनी आपापल्या रानातले लाकूड आणले असावे, असे यावरून दिसते. हजारो खुंट, ओंडके आणि फळ्या आधी कोरड्या जमिनीवर तयार करून मग दलदलीत वाहून नेल्या असणार, कारण मऊ चिखलात उभे राहून फळी तासणे शक्य नव्हते. कामाची आखणी, वाटणी आणि देखरेख कुणीतरी केली होती.

खुंटांच्या लाकडाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांतले बरेच सरळ, बिनफांदीचे आणि सारख्या जाडीचे होते. रानात आपोआप वाढलेल्या झाडाला असे सोट सहसा येत नाहीत. झाड बुडाशी तोडून खुंटातून फुटवे येऊ द्यायचे आणि काही वर्षांनी ते छाटायचे, असे केले तर मात्र येतात. जंगलाची ही जाणीवपूर्वक राखण वॉल्टन हीथ इथल्या उत्तरकालीन वाटेत अधिक ठसठशीत दिसली. तिथे हेझलच्या काठ्या विणून तयार केलेले तट्टे दलदलीवर अंथरले होते. जंगलांच्या इतिहासाचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी या काठ्यांची वाढ तपासली. हव्या त्या जाडीची काठी निवडून घेणारे आणि राखलेल्या रानाची सवय असलेले हे लोक होते, असे त्यांचे निरीक्षण होते.

एका हिवाळ्याचे लाकूड

कार्बन-१४ ने स्वीट ट्रॅकचा काळ काही शतकांच्या फरकाने सांगितला होता. नेमकेपणा आला वृक्षवलयांमुळे. ओकच्या खोडात दर वर्षी एक वलय पडते. चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. एकाच प्रदेशातल्या झाडांत जाड-बारीक वलयांचा क्रम सारखा येतो. हा क्रम जिवंत झाडांपासून जुन्या इमारतींच्या तुळयांपर्यंत, तिथून पीटमधल्या ओंडक्यांपर्यंत जोडत मागे नेता येतो. सॉमरसेटच्या ओकचा क्रम सुरुवातीला सुटाच होता, कारण कोणत्याही ज्ञात कालक्रमाशी तो जुळत नव्हता. १९८० च्या दशकात आयर्लंड आणि इंग्लंडचे दीर्घ वृक्षवलय-क्रम पूर्ण झाले, तेव्हा तो त्यांत बसला. जेनिफर हिलम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये निकाल प्रसिद्ध केला: झाडे तोडली गेली ती इ. स. पू. ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या वसंताच्या सुरुवातीला.

प्रागैतिहासिक काळातल्या एखाद्या कामाचा इतका नेमका हंगाम सांगता येणे ही त्या वेळी विलक्षण गोष्ट होती. त्याच वलयांवरून वाटेचे आयुष्यही मोजता आले. दुरुस्तीसाठी घातलेल्या फळ्या मूळ बांधणीनंतर थोड्याच वर्षांतल्या होत्या. सुमारे दहा वर्षे वापरात राहून ही वाट लव्हाळ्यात आणि वाढत्या पाण्यात बुडाली. तिच्याच मार्गावर आणखी एक जुनी, साधी वाटही निघाली. अ‍ॅशच्या लांब फळ्या आणि अंतराअंतरावर खुंट अशा या ‘पोस्ट ट्रॅक’चा काळ इ. स. पू. ३८३८ ठरला. तीस वर्षांनी नवी वाट बांधताना जुन्या वाटेची आखणी हाताशी होती, आणि तिचे लाकूडही काही ठिकाणी पुन्हा वापरले गेले.

वाटेच्या कडेला

वाटेवरून जाणाऱ्यांच्या हातून पडलेल्या किंवा मुद्दाम ठेवलेल्या वस्तू फळ्यांच्या आसपास सापडल्या. बाणांची चकमकी दगडाची टोके, यू लाकडाच्या लहान वाकड्या सुया, लाकडी भांडे. एका मडक्यात हेझलचे दाणे होते. ते मडके वाटेवरच फुटून पडलेले होते.

सर्वांत वेगळी वस्तू म्हणजे जेडाइट या हिरव्या दगडाची गुळगुळीत घासलेली कुऱ्हाड. ती वाटेलगत होती आणि दांडा नव्हता. पाते कधी वापरलेले नव्हते. जेडाइट ब्रिटनमध्ये मिळत नाही. हा दगड उत्तर इटलीतल्या आल्प्सच्या उंच भागातला. अशा कुऱ्हाडी पश्चिम युरोपात ठिकठिकाणी सापडतात आणि हातोहात, पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेलेल्या मौल्यवान वस्तू म्हणून त्यांचा अर्थ लावला जातो. एक न वापरलेली चकमकी कुऱ्हाडही वाटेजवळ मिळाली. दोन्ही चुकून पडल्या असण्यापेक्षा दलदलीला अर्पण केल्या असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अर्पणाचा हा अंदाज आणखी एका वाटेने बळकट केला. १९६६ मध्ये ‘बेल ट्रॅक’ नावाच्या नंतरच्या नवाश्मयुगीन वाटेच्या लाकडांत अ‍ॅशची कोरलेली एक छोटी मूर्ती उलटी खुपसलेली मिळाली. तिला स्तन आहेत आणि पुरुषलिंगही. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या मानवी मूर्तींत तिची गणना होते. बांधणाऱ्यांनी वाटेखाली ती का ठेवली, याबद्दल तर्क अनेक आहेत. ती तिथे मुद्दाम ठेवली गेली, एवढे मात्र तिच्या स्थितीवरून स्पष्ट होते.

परागकण आणि कीटक यांनी वाटेभोवतीचा परिसर उभा केला. मॉरीन गर्लिंग यांनी पीटमधले भुंगे ओळखले. त्यांत आज ब्रिटनमध्ये न आढळणारी आणि युरोपच्या आतल्या भागात राहणारी जात होती. त्यावरून त्या काळी हिवाळे आजच्यापेक्षा थंड आणि उन्हाळे अधिक उबदार असावेत, असा निष्कर्ष निघाला.

यंत्राच्या आधी पोहोचण्याची धडपड

एका वाटेचा शोध लागून भागणार नव्हते. दर हिवाळ्यात नवे चर उघडत होते आणि दर उन्हाळ्यात त्यांतला पीट उचलला जात होता. म्हणून १९७३ मध्ये जॉन कोल्स आणि एक्झेटर विद्यापीठाच्या ब्रायनी ऑर्म, पुढे ब्रायनी कोल्स, यांनी ‘सॉमरसेट लेव्हल्स प्रोजेक्ट’ सुरू केला. तो १९८९ पर्यंत चालला. प्रकल्पाचे लोक वर्षभर पीटच्या शेतांतून फिरत, उघड्या चरांच्या भिंती बारकाईने पाहत आणि लाकडाचे टोक दिसले की नोंद करत. पीट कंपन्या, यंत्रचालक आणि जुने खोदणारे यांच्याशी त्यांचे संबंध जपले गेले. बातमी कळायची ती त्यांच्याकडूनच. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे गट येऊन धोक्यातल्या जागा खोदत. १९७५ पासून दर वर्षी ‘सॉमरसेट लेव्हल्स पेपर्स’चा अंक निघे, १५ अंकांत हे सगळे काम छापले गेले. १९८६ मध्ये कोल्स दांपत्याने सामान्य वाचकांसाठी ‘स्वीट ट्रॅक टू ग्लास्टनबरी’ हे पुस्तक लिहिले.

१८३० च्या दशकातल्या कुदळीपासून या प्रकल्पापर्यंतच्या साखळीत एकही कडी वगळता येत नाही. पीट काढला नसता तर वाटा दिसल्या नसत्या, आणि काढला म्हणूनच त्या नष्टही झाल्या. दिसणे आणि नष्ट होणे यांच्या मधल्या थोड्या अवधीत लाकूड कुणीतरी ओळखावे लागे. ते ओळखणारे बहुतेक वेळा चरात उभे असलेले मजूर होते किंवा जवळच राहणारे हौशी अभ्यासक. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी काळ आणि अर्थ ठरवला, पण त्यांच्या टेबलावर आलेला प्रत्येक नमुना आधी कुणीतरी गावात जपून ठेवलेला होता.

जतन

बाहेर काढलेले ओले लाकूड तसेच ठेवले तर काही दिवसांत आकसून चुरगळते. त्यातल्या पाण्याच्या जागी दुसरे काही भरावे लागते. निवडक फळ्या आणि खुंटांची तासलेली टोके पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाच्या द्रावणात, गरम टाक्यांत ठेवली गेली. पाणी हळूहळू बाष्प होऊन जाई आणि मेण लाकडात शिरे. या प्रक्रियेला सुमारे नऊ महिने लागत. नंतर थंड झाल्यावर लाकूड टणक होई आणि हाताळता येई. स्वीट ट्रॅकचा एक भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सगळी वाट अशी उचलणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. तिचा मोठा भाग शॅपविक हीथच्या निसर्ग-राखीव क्षेत्रात जमिनीखालीच ठेवला आहे. आजूबाजूचा पीट कापून नेल्याने तिथली जमीन खाली गेली होती आणि वाटेभोवतीचे पाणी त्या खोलगट भागाकडे झिरपण्याची भीती होती. म्हणून सुमारे ५०० मीटर लांबीच्या भागाभोवती मातीचा बांध घातला, आत पंपाने पाणी सोडले आणि पाण्याची पातळी नियमितपणे मोजली जाऊ लागली. उत्खनन न करता पुरावशेष पाण्याखाली ठेवून वाचवण्याचे असे काम तेव्हा विरळाच होते. त्याचे मोल काही वर्षांतच कळले. ॲबट्स वेला अशी व्यवस्था मिळाली नव्हती. १९९६ मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा ती कोरडी पडून खराब झालेली होती.

लाकडी वाटा सॉमरसेटपुरत्या नाहीत. आयर्लंडमध्ये लाँगफर्ड परगण्यातल्या कॉर्लीच्या दलदलीत ओकच्या जाड फळ्यांचा रुंद रस्ता सापडला आहे. बॅरी रॅफ्टरी यांनी त्याचे उत्खनन केले आणि वृक्षवलयांवरून त्याचा काळ इ. स. पू. १४८ ठरला. उत्तर जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीच्या दलदलींत नवाश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या अनेक वाटा आहेत. ब्रिटनमधली सर्वांत जुनी लाकडी वाट असा स्वीट ट्रॅकचा मान २००९ मध्ये गेला; लंडनच्या प्लमस्टेड भागात, बेलमार्श तुरुंगाच्या आवारात तिच्याहूनही जुनी लाकडी वाट निघाली. स्वीट ट्रॅकचे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही, कारण इतकी लांब, इतकी तपशीलवार तपासलेली आणि हंगामापर्यंत कालनिश्चिती झालेली नवाश्मयुगीन वाट क्वचितच आढळते.

ब्रूच्या खोऱ्यातले पीटचे खोदकाम आता बरेच ओसरले आहे. जुन्या खाणींच्या जागी पाणी भरून वेस्टहे मूर, शॅपविक हीथ, हॅम वॉल अशी पाणथळ राखीव क्षेत्रे झाली आहेत. पाणपक्ष्यांसाठी तिथे पातळी उंच ठेवली जाते आणि त्याच पाण्यामुळे जमिनीखालचे लाकूडही ओले राहते. खोदकाम ओसरले तसे नवे शोध लागण्याचे मुख्य साधनही आटले. पूर्वी चर उघडला की वाट दिसे; आता ती शोधायची तर भूभौतिकी पाहणी आणि ठरवून केलेली छोटी छिद्रे यांवर विसंबावे लागते. पाणी कमी पडलेल्या शेतांखालच्या वाटा मात्र अजूनही वाळत आहेत, आणि त्या कुठे आहेत याची बरीचशी माहिती जुन्या मंडळांच्या अंकांत आणि हौशी अभ्यासकांच्या टिपणांतच सापडते.